गादीवर बसलेला सरदार: दरबारी व्यक्तिचित्र वसलीपासून हाशियापर्यंत

मुघल दरबाराची चित्रं पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. बादशहा बसलेला असतो आणि बाकीचे बहुतेक सगळे उभे असतात. म्हणून एकट्या सरदाराचं बसलेलं चित्र म्हणजे त्याच्या स्वतःच्या वाड्यातलं, स्वतःच्या गादीवरचं चित्र. तिथे त्याच्यापेक्षा मोठं कोणी नसतं आणि बसणं हाच त्याचा मान असतो. हे चित्र करायला घेणारे बरेच जण सगळी मेहनत चेहऱ्यावर आणि दागिन्यांवर खर्च करतात, पण माणूस गादीवर बसतच नाही, तरंगत राहतो. बैठक रेखाटनातच जमवावी लागते. रंग चढल्यावर ती दुरुस्त होत नाही.

इथे अठराव्या शतकातला मराठा सरदार धरला आहे आणि पद्धत मुघल-दख्खनी लघुचित्राची आहे. राजपूत किंवा पहाडी चित्र करायचं असेल तर पोशाख आणि डोळ्याचा आकार बदलेल, पण कामाचा क्रम जवळपास हाच राहील.

काळ आणि पोशाख आधी ठरवा

काळाची सरमिसळ ही या प्रकारातली सगळ्यात सर्रास चूक. चक्री पगडी पेशवाईतली आहे, ती शिवकाळातल्या सरदाराच्या डोक्यावर ठेवू नका. तिथे मागे उतरती, घट्ट बांधलेली पगडी आणि तुरा हवा. हुक्का सोळाव्या शतकातल्या माणसासमोर नको. अकबराकडे तंबाखू पोचली तीच त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, त्याचा दरबारी असद बेग याने विजापुराहून आणलेली. डोक्यामागे तेजोवलय काढू नका. मुघल प्रथेत ते बादशहा आणि त्याच्या घराण्यापुरतं होतं. सरदाराला ते दिलं की चित्राचा अर्थच बदलतो.

जाम्याचे, म्हणजे घेरदार अंगरख्याचे, बंद कोणत्या बाजूला, हेही आधीच लिहून ठेवा. हिंदूंचा जामा डाव्या काखेखाली बांधलेला असतो, मुसलमानांचा उजव्या. जुनी चित्रं ओळखायला हा फरक पहिल्यांदा पाहिला जातो, त्यामुळे जाणत्याची नजर थेट तिथेच जाते.

बैठकीच्या तीन तऱ्हा आहेत: मांडी घालून, एक गुडघा उभा करून, किंवा दोन्ही गुडघे मोडून टाचांवर. तिसरी अदबीची आहे, वडीलधाऱ्या किंवा वरिष्ठासमोरची. स्वतःच्या गादीवरच्या सरदाराला मांडी किंवा उभा गुडघा शोभतो. पहिल्याच चित्राला मांडी घ्या. उभ्या गुडघ्याला जाम्याच्या चुण्या फार अवघड पडतात.

वसली

वसली म्हणजे एकावर एक चिकटवून घोटलेला कागद. साध्या जलरंगाच्या कागदावर हे काम होत नाही, कारण त्याचा पोत बारीक रेघ मोडतो आणि घोटताना वरचा थर सुटतो.

सुती लगद्याचे, चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम वजनाचे चार कागद घ्या, प्रत्येकी २५ × ३५ सेंमी. खळीसाठी ५० ग्रॅम मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मग एकूण ४०० मिली पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक झाली की उतरवा आणि कापडातून गाळा. किडीसाठी जुने कारागीर खळीत चिमूटभर मोरचूद घालत. घालायचं असेल तर चिमटीच्या वर नको, स्वयंपाकाचं भांडं नको, आणि हातात मोजे हवेत. मोरचूद विषारी आहे. ते टाळून लवंगेच्या तेलाचे तीनचार थेंब घातले तरी चालतं, फक्त खळ त्याच दिवशी संपवावी.

दोन्ही कागद ओलसर करून, खळ पातळ आणि सारखी लावून, मधून कडेकडे तळव्याने दाबत हवा काढा. हवेचा एक फुगा राहिला तर आज तो दिसत नाही, घोटताना नेमका तिथे कागद फाटतो. चारही थर झाले की दोन सपाट फळ्यांमध्ये टिपकागद घालून वजनाखाली ठेवा आणि टिपकागद रोज बदला. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात आठवडा लागतो, आणि घाई केली तर आतल्या थराला बुरशी धरते.

वाळलेली वसली काचेवर किंवा संगमरवरावर ठेवून अकिकाने, म्हणजे गुळगुळीत घोटणदगडाने, घोटा. अकीक नसेल तर मोठी गुळगुळीत कवडी चालते. आधी उभं, मग आडवं, मग गोल. तिरपं धरून पाहिल्यावर अंड्याच्या कवचासारखी मंद चकाकी सगळीकडे सारखी दिसली की थांबा. याहून जास्त घोटलं तर रंग धरत नाही, पाण्यासारखा गोळा होतो.

रेखाटन: माणूस गादीवर बसवणं

चित्राची चौकट १४ × १९ सेंमी धरा. हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं २२ मिमी. हे तुमचं माप, बाकी सगळं यावरून मोजायचं. मांडी घातलेल्या माणसाची बैठकीपासून टाळूपर्यंतची उंची साडेतीन डोकी, म्हणजे ७.७ सेंमी. खऱ्या शरीरात ती चारच्या जवळपास भरते, पण या शैलीत डोकं जरा मोठंच असतं. दोन्ही गुडघ्यांमधलं अंतर तीन ते सव्वातीन डोकी, म्हणजे साधारण ७ सेंमी. पगडी टाळूच्या वर १२ मिमीच्या आसपास. बैठकीची रेघ चौकटीच्या तळापासून ५ सेंमीवर घेतली की पगडीच्या वर पाच सेंमी मोकळी पार्श्वभूमी उरते. ती मोकळीच ठेवा.

माणूस अगदी मधोमध नको. तो ज्या दिशेला पाहतो आहे तिकडे जागा थोडी जास्त सोडा. पानदान, अत्तरदाणी, पिकदाणी किंवा हुक्का तिथे येतो.

चेहरा पूर्ण बाजूने, छाती तीन-चतुर्थांश वळलेली, पाय जवळजवळ समोरून. शरीरशास्त्राच्या हिशेबाने ही जुळणी चुकीची आहे. या चित्रांना ती हवीच, कारण नाक-कपाळाची ओळख बाजूने पटते आणि कंठा, कट्यार, शेला समोरून दिसतात. गादीचंही तसंच. गादीचा पृष्ठभाग वरून पाहिल्यासारखा पसरट आणि तिच्या समोरच्या कडेची जाडी एक सरळ पट्टी. दूर जाणाऱ्या रेघा एका बिंदूत मिळवायला जाऊ नका. एकदा तसं केलंत की माणूस घसरगुंडीवर बसल्यासारखा दिसतो.

वजन दाखवणाऱ्या जागा चारच आहेत. गादीच्या पृष्ठभागाची रेघ माणसाखाली १ ते २ मिमी खचलेली हवी. जाम्याचा घेर गादीवर पसरलेला हवा आणि त्याची कड गादीच्या नक्षीवर चढलेली दिसायला हवी. पाठ टेकली असेल तर लोड तिथे दबलेला हवा आणि दोन्ही टोकांना फुगलेला. जवळचा गुडघा लांबच्या गुडघ्यापेक्षा ४–५ मिमी खाली यायला हवा. माणूस तरंगत असेल तर या चारपैकी निदान एक सुटलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती गादीची सरळसोट रेघ असते.

लोडाला रेलला असेल तर कानाच्या भोकातून सोडलेला ओळंबा कमरेच्या मागे पडतो. ताठ बसला असेल तर तो कमरेवरच पडतो. पोट थोडं पुढे येऊ द्या. सपाट पोटाचा, ताठ मानेचा सरदार शिपायासारखा दिसतो.

डोक्यात दोन चुका ठरलेल्या. पहिली, कान पुढे येतो आणि मागचं डोकं लहान होतं. कान भुवई आणि नाकाच्या बुडाच्या मध्ये, डोक्याच्या रुंदीच्या मध्यापलीकडे मागे ठेवा. दुसरी, पगडी कपाळावर चिकटवल्यासारखी बसते. पगडीची कड भुवईच्या ३–४ मिमी वरून निघून कानामागे उतरली पाहिजे.

हात दोन आणि काम दोन: एका हातात फूल, हुक्क्याची नळी किंवा माळ, दुसरा मांडीवर. मांडीवरच्या हाताची बोटं सुटी सुटी काढू नका. तीन बोटं एकत्र, तर्जनी किंचित वेगळी आणि अंगठा मोकळा, एवढं पुरे.

चरबा

रेखाटन पातळ कागदावर पक्कं झालं की त्याचा चरबा, म्हणजे भोकं पाडलेली नक्कल, करतात. पूर्वी त्यासाठी हरणाची पातळ कातडी वापरत, आता ट्रेसिंग पेपर चालतो. रेघांवर सुईने दीड-दोन मिमी अंतराने भोकं पाडा, वसलीवर ठेवा आणि मलमलीच्या पुरचुंडीतली कोळशाची भुकटी हलक्या हाताने आपटा. ठिपक्यांवरून गेरूच्या पातळ रंगाने रेघ जोडली की उरलेला कोळसा पिसाने झटका.

चरबा दोन्ही बाजूंनी वापरता येतो. जुने चित्रकारही तो उलटा करून तीच मुद्रा दुसऱ्या दिशेला वळवत. उलटा वापरलात तर जाम्याचे बंद बाजू बदलतात आणि डाव्या कमरेची तलवार उजवीकडे जाते. या दोन्ही गोष्टी हाताने काढून परत जागेवर आणा.

आता पूर्ण रेखाटनावर पांढऱ्याचं पातळ अस्तर द्या, गेरूची रेघ खालून पुसट दिसत राहील इतकं पातळ. वाळल्यावर मागून घोटा आणि काजळीच्या फिक्या रंगाने पक्की रेघ मारा. हीच सच्ची टिपाई. चूक सुधारायची शेवटची संधी इथेच आहे.

रंग, डिंक आणि विष

परंपरेतले रंग: गेरू, पिवळी माती, नीळ, लाजवर्द (निळा), हिंगूळ (लाल), शेंदूर, हरताळ (पिवळा), जंगाल (तांब्याचा हिरवा), काजळी, सफेदा (पांढरा). यांतला हिंगूळ पाऱ्याचा, शेंदूर शिशाचा, हरताळ आर्सेनिकचा. हे कोरडे घरी कुटू-वाटू नका, त्यांची धूळ श्वासातून जाते. शिवाय हरताळ शिशाच्या आणि तांब्याच्या रंगांशेजारी काळवंडतो, शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने काळा पडतो, आणि जंगाल काही काळाने कागदच खातो. जुन्या चित्रांत हिरव्या जागी पडलेल्या तपकिरी चिरा बहुतेक जंगालाच्या असतात. या सगळ्यांच्या जागी चांगल्या प्रतीचे नळीतले जलरंग आणि जस्ताचा सफेदा घ्या. गेरू, पिवळी माती, नीळ आणि काजळी मात्र स्वतः तयार करायला हरकत नाही. वाटून, पाण्यात निवळून, वरचा बारीक गाळ तेवढा घ्यायचा.

बाभळीचा डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळा. प्रमाण रंगागणिक बदलतं: मातीच्या रंगांना डिंक कमी लागतो, नीळ आणि काजळीला जास्त. प्रत्येक रंगाचा ठिपका वसलीच्या तुकड्यावर लावून वाळू द्या आणि बोटाने घासा. रंग बोटाला लागला तर डिंक कमी. ठिपका चकाकला किंवा कागद वाकवल्यावर तडकला तर जास्त. ही चाचणी टाळली की दुसरा थर देताना पहिला उठून येतो, आणि दोष भलतीकडेच, ब्रशला दिला जातो.

ब्रश शून्य, तीन शून्य आणि पार्श्वभूमीसाठी चार नंबर. मुंगसाच्या केसांचे ब्रश घेऊ नका. त्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. कृत्रिम केसांचे किंवा सेबलचे ब्रश पुरतात. टोक एका केसावर येतं का ते पाण्यात बुडवून दुकानातच पाहून घ्या.

थर आणि घोटाई

क्रम मागून पुढे: पार्श्वभूमी, जाजम, गादी, लोड, कपडे, शेवटी कातडीचा पाया. प्रत्येक जागेला तीन-चार पातळ थर. पहिला थर डागाळलेलाच दिसतो. तो जाड करून झाकायचा मोह होतो, पण जाड थर घोटताना पापुद्र्यासारखा सुटतो.

पार्श्वभूमीला फिकट हिरवा किंवा पोपटी-निळसर सपाट रंग घ्या. गडद हिरवी पार्श्वभूमी चेहरा उठावदार करते, पण काळी पगडी आणि दाढी तीत बुडते. जमिनीवर सावली टाकू नका. पुण्यात १७९० च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना तैलरंगात रंगवलं. तसलं चित्र चेहऱ्यासाठी समोर ठेवलंत तर त्यातला उजेड-अंधार तिथेच सोडा आणि फक्त बाह्यरेषा उचला.

दर दोन थरांनंतर चित्र स्वच्छ काचेवर पालथं घालून पाठीमागून अकिकाने घोटा. काचेचा गुळगुळीतपणा रंगात उतरतो, थर एकमेकांत दबतात आणि पुढची रेघ फुटत नाही. कागद पूर्ण वाळलेला हवा. किंचित ओल राहिली तर रंग काचेला चिकटून उचलला जातो. काचेवर वाळूचा एक कण असला तरी चेहऱ्यावर खड्डा पडतो, तेव्हा दर वेळी काच पुसा.

पातळ मलमलीचा जामा

अंगावरचा पांढरा जामा हाच या चित्रातला सगळ्यात फसवा भाग. आधी छाती आणि दंड कातडीच्या रंगाने पूर्ण करा, जामा नाहीच असं समजून. वाळल्यावर सफेद्याचा दुधाळ, अगदी पातळ हात द्या. पांढरा ओला असताना जवळजवळ दिसत नाही आणि वाळल्यावर उघडतो. म्हणून पहिला हात पुरेसा नाही असं वाटलं तरी दहा मिनिटं थांबा. दुसरा हात फक्त जिथे कापड दुहेरी होतं तिथे द्या: बंदांजवळ, बाहीच्या चुण्यांत, कमरेखालच्या घेरात. शेवटी चुण्यांच्या कडा दाट पांढऱ्याच्या एकेका रेघेने काढा. घेराच्या चुण्या कमरेतून निघून गादीवर पसरताना रुंद होतात, समांतर राहत नाहीत. राखाडी सावली फार घातली तर मलमल जाऊन मांजरपाट येतं.

सोनं

चिनी मातीच्या ताटलीत मध किंवा दाट डिंकाचा थेंब घ्या, खऱ्या सोन्याचे आठ-दहा वर्ख एकेक करून त्यात बोटाने घोळवा आणि अर्धा-पाऊण तास घासत राहा. मग कोमट पाणी घाला, तीन-चार तास निवळू द्या, वरचं पाणी ओता. असं तीनदा. मध राहिला तर सोनं कधीच सुकत नाही, धूळ धरतं. खाली उरलेल्या सोन्यात पातळ डिंकाचे एक-दोन थेंब घातले की रंग तयार.

सोनं थेट कागदावर लावू नका. खाली पिवळ्या मातीचा पाया द्या, म्हणजे ते कमी लागतं आणि उबदार दिसतं. वाळल्यावर बटर पेपर ठेवून अकिकाने हलकं घोटा. पितळी वर्ख काही वर्षांत हिरवट-काळा पडतो, चांदीचा तर खात्रीने काळा होतो. जुन्या चित्रांतली काळी पाती आणि काळं पाणी बरेचदा चांदीचंच असतं. तलवारीच्या पात्याला कथील किंवा नुसता निळसर राखाडी रंग बरा.

शिरपेच, कट्यारीची मूठ, शेल्याची किनार आणि गादीची जर, सोनं एवढ्या जागीच ठेवा. लोडावर आणि जाजमावरही ओतलंत तर सरदारापेक्षा सामान श्रीमंत दिसतं.

चेहरा

अकबराच्या चित्रशाळेत आराखडा, रंगकाम आणि चेहरा ही कामं अनेकदा वेगवेगळ्या हातांत असत. चेहऱ्याच्या कामाला चेहरानामी म्हणत. एकटं काम करतानाही चेहऱ्यासाठी वेगळा दिवस, ताजा उजेड आणि नवा ब्रश ठेवावा.

पायासाठी सफेदा, पिवळी माती आणि किंचित लाल यांचे दोन-तीन पातळ थर द्या. त्यावर पर्दाज करायचा. पर्दाज म्हणजे ठिपके आणि स्वल्पविरामाएवढे फटकारे, गेरूत काजळीचा अंश मिसळून केलेल्या फिक्या तपकिरीने. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवून कागदावर तीन-चारदा टेकवल्यावर जे उरतं तेवढ्यातच काम. डोळ्याची खोबण, नाकपुडीची बाजू, ओठाखालचा खळगा, जबड्याची कड आणि कानामागचा भाग इथून सुरुवात करा आणि कपाळ, गाल मोकळे सोडा. ठिपका वाळायच्या आत शेजारी दुसरा टेकवला की डाग होतो, म्हणून गाल, कान, मान असं फिरत राहा.

बाजूने दिसणारा डोळा त्रिकोणी असतो. बुबुळ पुढच्या कडेला टेकलेलं आणि वरची पापणी जाड. पूर्ण बदामी डोळा बाजूच्या चेहऱ्यात घातला की चित्र एकदम राजपूत दिसू लागतं. बुबुळ पूर्ण काळं करू नका, गडद तपकिरी करून मध्ये काळा ठिपका द्या. मिशी आणि कल्ल्यांखाली आधी निळसर राखाडी पातळ हात, मग केसांच्या दिशेने एकेक रेघ. केस त्वचेतून उगवल्यासारखे दिसतात ते या राखाडीमुळे. गंध अगदी शेवटी.

चेहऱ्याची बाह्यरेषा काळ्याने कधीच नको, गडद लालसर तपकिरीने काढा. कपाळापासून हनुवटीपर्यंत ती एका दमात यायला हवी. नाकाच्या शेंड्यावर थांबलात तर तिथे गाठ पडते.

मोती आणि हाशिया

मोती शेवटच्या घोटाईनंतरच द्यायचे. उठावदार मोती अकिकाखाली चिरडतात. आधी राखाडी ठिपके मारा, त्यावर दाट सफेद्याचा थेंब ठेवा, तो स्वतःहून गोल बसू द्या आणि टोकाने ओढू नका. कंठ्यातले मोती छातीच्या मध्यावर मोठे, मानेकडे लहान. कानात चौकडा खालच्या पाळीत आणि भिकबाळी वरच्या. पाचूला हिरव्याच्या गडद ठिपक्यावर एका कोपऱ्यात फिकट टिंब पुरतं. पहाडी प्रदेशातल्या बसोलीच्या चित्रकारांनी पाचूसाठी भुंगेऱ्याच्या चमकदार पंखांचे तुकडे चिकटवले होते. दख्खनी पोशाखावर तो प्रकार परका वाटतो.

चित्र कापून मोठ्या वसलीवर बसवा. कडेने आधी सोन्याची रेघ, मग लाल, मग निळी, प्रत्येकीत अर्धा मिमी जागा. रेघ-लेखणीत रंग नेहमीपेक्षा पातळ भरा आणि कडेच्या तुकड्यावर एक रेघ मारून पाहा. हाशियाला, म्हणजे चित्राभोवतीच्या कडेला, वर आणि बाजूंना ४ सेंमी, खाली ५.५ सेंमी सोडा. फुलांची वेल काढणार असाल तर तिचा रंग गादीच्या रंगापेक्षा फिका ठेवा.

वॉर्निश लावू नका. डिंकाचे रंग त्याने गडद होतात आणि घोटलेली चकाकी जाते. चौकट करताना आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी घालून काच रंगापासून निदान ३ मिमी दूर ठेवा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच मोती काचेला चिकटतात.